तेहेतीस पलटणी

धर्मगुरूच्या अभ्यासिकेत काय असावे आणि काय असू नये, याविषयी आपल्या धर्मग्रामांतील मंडळींच्या कल्पना ठाम असतात. क्रूस असावा, पवित्र मरियेचे चित्र असावे, पुस्तके असावीत. रौप्यमहोत्सवात भेट मिळालेले एखादे घड्याळ असले तरी चालते. माझ्या कपाटाच्या मधल्या फळीवर मात्र बंदुका खांद्याला लावलेले चोवीस शिपाई उभे आहेत. प्रत्येकाची उंची अंगठ्याच्या पेराएवढी. धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारी मुले सरळ विचारतात, "फादर, हे तुमचे?" मोठी माणसे विचारत नाहीत. ती एकवार फळीकडे पाहतात आणि मग खिडकीबाहेरच्या वाडीकडे पाहू लागतात. गेल्या नाताळात एका भगिनीने न राहवून विचारलेच, तेव्हा "त्याची हकिगत मोठी आहे" असे म्हणून मी वेळ मारून नेली. ती हकिगत आज लिहितो.

२०११ ते २०१४ ही तीन वर्षे मी इंग्लंडमध्ये, डर्बी शहराच्या परिसरातील एका धर्मग्रामात सेवेला होतो. घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याची प्रथा तेथेही आपल्यासारखीच आहे. माझ्या यादीत एक विधुर गृहस्थ होते. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात आरेखक म्हणून गेलेला आणि आता हातांना कंपवात जडलेला. पहिल्या भेटीत त्यांनी मला जेवणाच्या खोलीत नेले. तेथे जेवणाचे काही चिन्ह नव्हते. मोठ्या टेबलावर हिरवे कापड अंथरले होते. त्यावर लाकडी टेकड्या, कापसाचा धूर, पुठ्ठ्याची घरे आणि त्यांच्या मधून निघालेले सैन्य. ख्रिस्तप्रसादाची डबी ठेवायला तसूभर जागा मोकळी नव्हती. त्यांनी घोडेस्वारांचे एक पथक तळहाताने हळूच बाजूला सारले आणि तेथे पांढराशुभ्र रुमाल अंथरला.

प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी विचारले, "फादर, आपण भारतात कुठले?" मी म्हणालो, मुंबईच्या उत्तरेस वसई म्हणून गाव आहे, तुमच्या जुन्या नकाशात बॅसीन. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "३१ डिसेंबर १८०२," ते म्हणाले.

दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईला, हे मी शाळेत शिकलो होतो. ज्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींत आम्ही लहानपणी फुटबॉल खेळलो, त्याच गावच्या तहाची तारीख मला डर्बीतल्या एका निवृत्त आरेखकाकडून ऐकावी लागली. तहामागून युद्ध आले, त्या युद्धात असईची लढाई झाली आणि ती जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. त्यांच्या लेखी वसई ही वॉटर्लूच्या रस्त्यावरची एक पायरी होती.

या छंदाला तिकडे 'वॉरगेमिंग' म्हणतात. त्याचे मूळ प्रशियात आहे. राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने राजासाठी असा खेळ बनवला आणि त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता, १८२४ साली त्याचे नियम छापून काढले. सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी निघालेला हा खेळ घराच्या दिवाणखान्यात आणला तो एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने. त्याचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ चे. खेळातल्या युद्धापुढे खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते, हेही त्याने त्यात बजावून ठेवले होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

आता खरेदीचे सांगतो, कारण खरी मौज आणि खरी गोम तेथेच आहे. पहिला निर्णय उंचीचा. सहा मिलिमीटरचा शिपाई तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात सैन्य अफाट मांडता येते, पण चेहरा दिसत नाही. अठ्ठावीस मिलिमीटरच्या शिपायाच्या कोटाची बटणेदेखील रंगवता येतात, पण त्याला जागा, पैसा आणि आयुष्य ही तिन्ही जास्त लागतात. आमच्या आरेखकबुवांनी अर्थातच अठ्ठावीसचे धरले होते. शेजारच्या नॉटिंगहॅमच्या आसपास असे पुतळे ओतणारे इतके आहेत की शौकीन मंडळी त्या मुलखाला 'शिशाचा पट्टा' म्हणतात. पूर्वी हे पुतळे शिशाच्या मिश्रधातूचे असत. आता बरेचसे शिसे नसलेल्या धातूचे किंवा प्लॅस्टिकचे मिळतात. माझ्या वेळी धातूचा एक पायदळ शिपाई एका पौंडाच्या आसपास पडे, प्लॅस्टिकचा त्याच्या निम्म्याने.

दुसरा निर्णय प्रमाणाचा, म्हणजे एका पुतळ्यामागे खरी माणसे किती धरायची याचा. नेपोलियनने फेब्रुवारी १८०८ मध्ये हुकूम काढून फ्रेंच पायदळाची बटालियन सहा कंपन्यांची केली. प्रत्येक कंपनीत १४० जण, एकूण ८४०. एका पुतळ्याला वीस माणसे धरली तर बटालियनला ४२ पुतळे लागतात. पण ही झाली कागदावरची बटालियन. वॉटर्लूच्या सकाळी ज्या उभ्या होत्या त्यांत सरासरी पाचशेच्या आगेमागेच माणसे होती. म्हणून त्यांनी बटालियनला २४ पुतळे ठरवले, कंपनीला चार. त्यातही चार कंपन्या साध्या शिपायांच्या, एक ग्रेनेडियरांची, एक व्होल्टिजरांची. त्यांच्या खांद्यावरचे गोंडे आणि टोपीवरचे तुरे निराळ्या रंगांचे. दुकानात जाऊन "शंभर फ्रेंच द्या" म्हणणारा येथे हमखास फसतो. त्याच्याजवळ ग्रेनेडियर उरतात, साधे शिपाई कमी पडतात आणि गरुड तर नको तितके होतात. गरुड म्हणजे झेंड्याच्या काठीवरचे नेपोलियनचे सोनेरी चिन्ह. १८०८ नंतर तो रेजिमेंटला एकच मिळे आणि पहिल्या बटालियनकडे राही. विक्रेते मात्र प्रत्येक पाकिटात गरुड घालून देतात, कारण लोकांना गरुडच हवा असतो!

त्यांचा संकल्प होता वॉटर्लूच्या दुपारी वेलिंग्टनच्या डाव्या बाजूवर चालून गेलेली देर्लाँ या सेनापतीची संपूर्ण कोअर मांडण्याचा. चार डिव्हिजन, सोळा रेजिमेंट, तेहेतीस बटालियन. तेहेतीस गुणिले चोवीस, म्हणजे ७९२ पुतळे. कारखान्यातून मोडीत निघालेली नकाशांची सपाट खणांची कपाटे त्यांनी घरी आणली होती आणि प्रत्येक खणावर आरेखकाच्या सुबक अक्षरात डिव्हिजन, रेजिमेंट व बटालियन लिहिलेली होती. अक्षरांखाली ठिपके. एक ठिपका म्हणजे विकत घेतले, दोन म्हणजे साच्याची शिवण घासून साफ केली, तीन म्हणजे अस्तराचा रंग दिला, चार म्हणजे रंगवून पूर्ण. तेहेतीसांपैकी एकोणीस खणांवर चार ठिपके होते. उरलेल्या चौदांवर एक किंवा दोन. हात थरथरू लागल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. खरेदी मात्र चालूच राहिली होती. या छंदातली माणसे रंगवायच्या राहिलेल्या अशा ढिगाला 'शिशाचा डोंगर' म्हणतात, आणि तो डोंगर प्रत्येकाच्या घरी असतो असे हसून सांगतात. याशिवाय फ्रेंचांसमोर उभे करायला चारशेच्या वर ऑस्ट्रियन होते, पांढऱ्या कोटांचे, सगळे रंगवून तयार.

एकदा चहा घेताना ते म्हणाले, "फादर, एवढे सगळे कशाला घेऊन ठेवले असे आता वाटते. हात चालत नाहीत. काय करू?" (हे संभाषण कुमसारात झालेले नाही, झाले असते तर येथे लिहिता आले नसते.) माझ्या मनात लगेच रुपयांचा हिशेब सुरू झाला. परदेशी गेलेल्या प्रत्येक भारतीयाच्या मनात तो सुरू होतो. चारशे ऑस्ट्रियनांत आमच्याकडच्या एका मुलाचे वर्षभराचे शिक्षण निघेल, असे मला दिसू लागले. कोठारे पाडून मोठी कोठारे बांधणाऱ्या शुभवर्तमानातल्या त्या धनवंताचा दाखला माझ्या जिभेवर तयारच होता. मी तो दिला. "सुटसुटीत व्हा," मी म्हणालो, "विकून टाका, गरजूंच्या उपयोगी पडेल." ते पाहुण्याशी जितक्या सभ्यपणे मान हलवावी तितक्या सभ्यपणे मान हलवून गप्प राहिले.

दोन महिन्यांनी त्यांनी माझ्या हाती एक पाकीट दिले. ऑस्ट्रियन सैन्य गेले होते. मला समाधान वाटले. इतके की नाव न घेता उपवासकाळातल्या एका प्रवचनात मी त्याचा उल्लेखही केला. आज त्या प्रवचनाची आठवण झाली की कान गरम होतात.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सानंतर कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला एक धिप्पाड माणूस दाराशी थांबून राहिला. तो कॅथलिक नव्हता. प्रवचन त्याच्या बायकोने ऐकले होते. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "फादर, आता आम्ही गुरुवारी जायचे कुठे?" तेव्हा मला कळले की अकरा वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी त्या टेबलाभोवती पाच माणसे जमत होती. हा खाणकामगार, एक बसचालक, शाळेच्या प्रयोगशाळेतला एक मदतनीस, खुद्द आरेखकबुवा, आणि एक पंचविशीतला तरुण, जो आठवड्याच्या बाकीच्या सहा दिवसांत आईखेरीज कोणाशी फारसे बोलत नसे. युद्धाला दोन सैन्ये लागतात. एक गेले तेव्हा म्हाताऱ्याने मित्रांना बोलावणे सोडून दिले होते. खणांवरचे ठिपके मी मोजले होते. टेबलाच्या पलीकडे कोण बसते हे विचारले नव्हते.

मी माफी मागायला गेलो. ते हसले. म्हणाले, "ऑस्ट्रियन तसेही हरतच असत." पण डोळे त्या रिकाम्या खणांकडे गेले. मी विचारले, उरलेले नीट लावायला मी मदत केली तर चालेल का? त्यांनी थोडा विचार करून मला एक कानस दिली.

२०१२-१३ चा हिवाळा असा गेला. गुरुवार पुन्हा सुरू झाला आणि फ्रेंचांविरुद्ध फ्रेंच लढू लागले. खाणकामगाराने स्वतःचे थोडे प्रशियन आणले. मी शिपायांच्या पाठीवरची साच्याची शिवण घासायला शिकलो, तळाच्या पट्टीवर डिंक लावून वाळू पसरायला शिकलो. रंग लावणे मला जमले नाही. त्या अबोल तरुणाला मात्र ते असे जमे की पाहत राहावे. "तुम्ही लहानपणी असे काही मांडत नव्हता का?" असे त्यांनी एकदा विचारले. मी सांगितले की आमच्या घरच्या नाताळच्या गोठ्यात मेंढपाळ कमी पडत, म्हणून शेजारच्या हिंदू मित्राच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मी उसने आणीत असे आणि त्यांच्या ढालींना कापूस गुंडाळून त्यांची मेंढरे करीत असे. तीन राजांच्या सणाला वडिलांच्या लक्षात आले की एका मेंढपाळाच्या कमरेला तलवार आहे. हे ऐकून आरेखकबुवा इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

एके दिवशी माझ्या हातून पंचेचाळिसाव्या रेजिमेंटचा एक शिपाई निसटला आणि कपाटाखाली गेला. पंचेचाळिसावी म्हणजे वॉटर्लूला जिचा गरुड स्कॉटिश घोडदळाच्या एका सार्जंटने हिसकावून घेतला ती. म्हातारा गुडघ्यांवर बसून विजेरीने शोधू लागला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. त्यांचे गुडघे थरथरत होते. मी म्हणालो, "राहू द्या हो, एक शिपाई तर आहे."

"एक नव्हे फादर," ते कपाटाखालूनच म्हणाले. "वीस."

मी खाली वाकलो. शोधायला आणखी वीस मिनिटे लागली.

वॉटर्लूच्या त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस ते पन्नास हजार लोक ठार वा जखमी झाले, हा आकडा मी कधीतरी वाचला असेन आणि पान उलटले असेन. टेबलावर मात्र खेळ संपल्यावर ते पडलेले पुतळे लगेच उचलू देत नसत. वहीत प्रत्येक बटालियनसमोर संख्या लिहीत, वीसने गुणीत, आणि मगच खण उघडत. इतरांना तो वेळकाढूपणा वाटे. बसचालक तर घड्याळ पाही.

त्याच काळात आमच्या दोघांच्या अर्धवट ज्ञानाची एक गंमत झाली. विकलेले ऑस्ट्रियन त्यांनी वाग्रामच्या लढाईसाठी जमवले होते, ५ व ६ जुलै १८०९. तारीख ऐकून मी थबकलो. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना तीच रात्र मी पाठ केली होती. जनरल रादेच्या शिपायांनी क्विरिनाल राजवाड्याच्या भिंती चढून पोप सातवे पायस यांना अटक केली ती रात्र. नेपोलियन डॅन्यूबच्या काठी लढत होता आणि रोममध्ये त्याचे लोक एका वृद्ध माणसाला बग्गीत घालून नेत होते. ते पोप १८१४ पर्यंत कैदेत राहिले. सुटून आल्यावर नेपोलियनच्या आईला रोममध्ये आसरा दिला तो त्यांनीच. म्हाताऱ्याला वाग्रामचा तास न् तास ठाऊक होता, ही अटक ठाऊक नव्हती. मला अटक ठाऊक होती, वाग्राम ठाऊक नव्हते. त्यांनी वहीत तारखेसमोर एक ओळ वाढवली.

२०१३ च्या उन्हाळ्यात गुरुवारच्या मंडळींनी एक गाडी भाड्याने केली आणि मला लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये नेले. तेथे कॅप्टन विल्यम सायबॉर्नने केलेली वॉटर्लूची प्रतिकृती आहे. या माणसाने १८३० मध्ये काम हाती घेतले, रणभूमीवरच्या ला हे सँत या शेतघरात महिनोन्‌महिने राहून जमीन मोजली, लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना शेकडो पत्रे लिहून 'सायंकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कोठे होती?' असे विचारले. सरकारने मध्येच पैसे थांबवले तेव्हा पदरमोड करून, कर्ज काढून १८३८ मध्ये प्रतिकृती लंडनला मांडली. तिच्यात सत्तर हजारांवर पुतळे होते. पण मिळालेल्या माहितीप्रमाणे त्याने प्रशियन सैन्य रणभूमीत बरेच पुढे आलेले दाखवले होते, म्हणजे विजयाचा मोठा वाटा त्यांचा ठरत होता. वेलिंग्टनच्या गोटात हे रुचले नाही. अखेरीस सायबॉर्नने हजारो प्रशियन पुतळे उचलून टाकले. काचेपुढे आम्ही सहा जण बराच वेळ उभे होतो. "सैन्य मांडताना कोणाला खणातच ठेवायचे, ते पुष्कळदा दुसराच ठरवतो," आरेखकबुवा म्हणाले. खाणकामगार काही बोलला नाही. त्याची खाण बंद होऊन तेव्हा वीसेक वर्षे झाली होती.

मी परत निघालो तेव्हा त्यांनी एक रिकामा खण उघडून दाखवला. त्यावर लिहिले होते: 'असई, २३ सप्टेंबर १८०३'. त्यांना शिंद्यांच्या पलटणी जमवायच्या होत्या. हॅनोव्हरचा पोलमन त्या पलटणींचा सेनानी होता. सरधन्याचे भव्य चर्च बांधणाऱ्या आपल्या कॅथलिक बेगम समरूच्या बटालियनही त्या दिवशी तेथे होत्या. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले की नदीला उतार नाही. त्याने पाहिले की नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर आहेत, त्याअर्थी उतार असलाच पाहिजे, आणि त्याने सैन्य तेथून पार केले. विजय मिळाला, पण इंग्रजांकडचे पंधराशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. "तेथील मातीचा रंग कसा आहे, फादर?" त्यांनी विचारले. "पुतळ्यांच्या पायांखाली काय लावायचे?" मी जन्माने महाराष्ट्राचा, जालना जिल्ह्यातले असई मी पाहिले नव्हते. कबूल करताना लाज वाटली. जाऊन कळवीन, असे वचन दिले.

जानेवारी २०१५ मध्ये गेलो. केळणा नदीत पाणी बेताचेच होते. कपाशीची बोंडे वेचणाऱ्या बायकांनी वरूडची वाट दाखवली. मातीचा रंग पाण्याच्या रंगांत कालवून एका जाड कागदावर फासला आणि पत्राबरोबर पाठवून दिला. वर्गातल्या मुलांच्या रंगपेटीतला काळा, त्यात थोडा तपकिरी.

पाच महिन्यांनी एक डबा आला. आत चोवीस शिपाई, पंचेचाळिसाव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणून गरुड नाही. रंग त्या तरुणाच्या हातचा. कोट फ्रेंच, निळे. पायांखाली मात्र जालन्याची काळी माती. सोबतची चिठ्ठी खाणकामगाराने लिहून घेतली होती: मराठे अजून विकत घेतलेले नाहीत, म्हणून रंगाची परीक्षा फ्रेंचांवर केली आहे, बरोबर आहे का ते कळवावे. मी असईहून कागदाच्या पुडीत आणलेली चिमूटभर माती शेजारी ठेवून पाहिली. तपकिरी किंचित जास्त झाला होता. तसे कळवले.

२०१६ च्या वसंतात ते गेले. कपाटे आता तेथील धर्मग्रामाच्या सभागृहात आहेत आणि वही त्या तरुणाकडे. तो आता पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि नव्या मुलांना शिवण घासायला शिकवतो. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. देर्लाँच्या तेहेतीसही खणांवर चार ठिपके झाले आहेत; शिंद्यांच्या पहिल्या पलटणीची खरेदी सुरू आहे. टेबलावर दोन्ही नद्या कापायच्या आहेत, तेव्हा असईजवळ जुई नदी किती रुंद आहे ते फुटांत कळवावे, असे त्याने विचारले आहे. केळणेच्या काठी मी तासभर बसलो होतो. जुई पाहायची राहून गेली.